पाच वर्षांचं पासिंग

माझ्या घराच्या वास्तुशांतीला अण्णा आले नव्हते. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढे मी जे केलं त्याची मुळं कुठे आहेत ते कळेल. २००८ साली, सात वर्षं भाड्याच्या खोल्या बदलून झाल्यावर, मी आणि नंदाने वुडलँड्सला फ्लॅट घेतला. सिंगापूरच्या पार उत्तरेच्या टोकाला, पलीकडे मलेशिया दिसतो इतक्या टोकाला, पण स्वतःचा. अण्णांना नगरला फोन केला, म्हटलं तिकीट पाठवतो, या. तर म्हणाले, "गुडघे फार दुखतात रे निशी. मला विमानात सहा तास बसवणार नाही. तुमचं तुम्ही उरकून घ्या." उरकून घ्या. मी काय दाढ काढायला चाललो होतो?

बरं, मानलं. गुडघे दुखतात माणसाचे.

आणि २०१४च्या फेब्रुवारीत माझ्या धाकट्या भावाने, सारंगने, त्यांना फोन केला. अण्णा, मी इथे एक जुनी अमेरिकन जीप घ्यायची म्हणतोय, फोर-व्हील वाली. मला त्यातलं ओ का ठो कळत नाही, तुम्ही निवडायला या. तीन आठवड्यांत अण्णा सिंगापूरच्या चांगी विमानतळावर हजर. गुडघ्यांसकट.

अण्णा म्हणजे आमचे वडील, पद्माकर. नगरला लष्कराच्या गाड्यांच्या वर्कशॉपात चाळीस वर्षं फिटर होते. दुसऱ्या महायुद्धानंतर इकडेच राहिलेल्या जुनाट अमेरिकन जीपांवर ते काम शिकले, आणि त्या जीपांवर त्यांनी जितकी माया केली तितकी आमच्या आईवरही केली नसेल. स्वतःकडे मात्र जन्मभर एक स्कूटर. रविवारी ते बाहेरची कामं घ्यायचे, स्टेशन रोडच्या एका शेडमध्ये. दहा वर्षांचा झालो तसा मी तिथे त्यांच्या हाताखाली असायचो. पाने द्यायचे, बोल्ट रॉकेलमध्ये धुवायचे, गाडीखाली बॅटरीचा उजेड धरून बसायचं. उजेड हलला की गाडीखालून आवाज यायचा, "हात आहेत की लाकडं?" कधीकधी नुसता आवाज यायचा नाही, हातही यायचा.

सारंग माझ्याहून सात वर्षांनी लहान. तो शेडमध्ये यायला लागला तेव्हा थेट ड्रायव्हरच्या सीटवर बसायचा आणि हॉर्न वाजवायचा, आणि अण्णा गाडीखाली पडल्या पडल्या हसायचे. त्याला कधी पाना धरायला लावला नाही. "लहान आहे तो." आता एकोणचाळीस वर्षांचा आहे, बँकेत मोठ्या हुद्द्यावर आहे, दोन वर्षांपूर्वी सिंगापूरला आला तो सरळ मरीन परेडच्या काँडोत, खाली पोहण्याचा तलाव आणि समोर समुद्र. अजून लहानच आहे.

जळतो मी त्याच्यावर. उगाच आडपडदा कशाला? लहानपणापासून जळतो. त्याची नोकरी, त्याचा काँडो, ते मला चालतं, नशीब ज्याचं त्याचं. पण अण्णांनी एकदा, आयुष्यात एकदा, कुठल्याही फालतू बाबतीत सारंगसमोर माझी बाजू घ्यावी, एवढं एक मला हवं होतं. सेहेचाळीस वर्षांच्या बाप्याला ही असली हौस असावी, याची लाजही वाटायची. हौस काही जायची नाही.

म्हणून जीपचा विषय निघाल्यावर मी कामाला लागलो. मला कुणी सांगितलं नव्हतं. वुडलँड्सहून वन-नॉर्थला ऑफिसला जाता-येता एमआरटीत, म्हणजे इथल्या मेट्रोत, उभ्या उभ्या पंधरा दिवस मी जुन्या गाड्यांच्या जाहिराती चाळल्या. इथे नुसती गाडी विकत घेऊन भागत नाही. ती रस्त्यावर ठेवायचा परवाना वेगळा घ्यावा लागतो, त्याला सीओई म्हणतात. तो असतो दहा वर्षांचा. संपला की गाडी मोडीत काढायची, नाहीतर पैसे भरून परवाना वाढवायचा, दहा वर्षांनी किंवा पाच वर्षांनी. दहाने वाढवला तर पुढे परत वाढवता येतो. पाचने वाढवला की तो शेवटचा. मग गाडी कितीही ठणठणीत असो, त्या तारखेला तिला मोडीतच काढावं लागतं. हे इथे तेरा वर्षं राहिलेल्या माणसाला, गाडी नसली तरी, पाठ असतं. मला गाडी नव्हती. पण एक चेरोकी जीप मी शोधून काढली, रंग उडालेली, सीओई दहा वर्षांनी वाढवलेला, २०२०पर्यंत बिनघोर. तिचा कागद छापून, घडी करून खिशात ठेवला. म्हटलं, अण्णांच्या हातात ठेवू. बघू काय म्हणतात.

शनिवारी सकाळी आम्ही तिघे बुकित तिमाकडच्या जुन्या गाड्यांच्या बाजारात गेलो. अण्णांनी नगरहून आणलेली निळी डांगरी घातली होती. बहात्तर वर्षांचा म्हातारा, डांगरीच्या खिशात रुमालात गुंडाळलेला लोहचुंबक. मी टॅक्सीतच कागद काढला. "अण्णा, मी एक बघून ठेवलीये. हिचा परवाना..."

"तू नंतर दाखव," अण्णा म्हणाले. "आधी सारंगच्या मनात काय आहे ते बघू. गाडी त्याला घ्यायची आहे."

मी कागदाची घडी होती तशी खिशात टाकली. पुन्हा काढली नाही.

सारंगच्या मनात होती एक लाल रँगलर, उघड्या टपाची. तिचा परवाना लांबचा होता, पण अण्णा पाच मिनिटांत तिच्याखालून बाहेर आले. बोटांना तांबूस भुगा लागला होता. "चासी खाल्लीये हिची. समुद्राकाठी उभी असणार. वरून रंग मारलाय, आत काही राहिलेलं नाही." सारंगचा चेहरा पडला. अण्णांनी त्याच्या पाठीवर हात ठेवला. "अरे, मिळेल. एवढ्यात काय तोंड पाडतोस."

मला आठवत नाही माझ्या पाठीवर असा हात कधी पडलेला. म्हणजे पडलेला आठवतो, पण असा नाही.

मग बाजाराच्या टोकाला, कोह नावाच्या एका विक्रेत्याच्या पत्र्याखाली दुसरीच एक चेरोकी दिसली. २००० सालची, गडद हिरवी, चौकोनी, कसलाही नखरा नाही. अण्णा तिच्यापुढे उभे राहिले. मग चष्मा पुसला. मग बॉनेट उघडायला लावलं. "सहा सिलिंडर. एका रांगेत," सारंगला म्हणाले, जसं काही मी तिथे नव्हतोच. "हे इंजिन मरत नाही. माणूस मरेल."

किंमत ऐकून सारंग उडालाच. रँगलरच्या निम्म्याहून कमी. "दादा, एवढी स्वस्त कशी?"

"स्वस्त म्हणजे कुठेतरी खोट असणार," अण्णा म्हणाले. "ती शोधतो मी." आणि सिमेंटवर पुठ्ठा पसरून ते गाडीखाली गेले.

दोन तास ते खोट शोधत होते. लोहचुंबक पत्र्यावरून इंच इंच फिरवला, कुठे पुट्टी भरलेली आहे का बघायला. इंजिनाचं ऑइल बोटावर घेऊन हुंगलं. गिअरशेजारचा फोर-व्हीलचा छोटा दांडा मागेपुढे करून पाहिला, गाडी जॅकवर उचलून चाकं हाताने फिरवली. बॅटरीचा उजेड धरायला सारंग वाकला होता. इस्त्रीचा शर्ट, उजेड सगळीकडे हलतोय. अण्णा खालून म्हणाले, "बाळा, जरा डावीकडे." बाळा. मी बाजूला उभा राहून हे ऐकत होतो.

तेवढ्यात कोहने मला बाजूला बोलावलं. मला तो अंकल म्हणत होता, स्वतः साठीचा असून. गाडीचे कागद माझ्या हातात देत म्हणाला, "अंकल, धिस वन फाइव्ह-इयर सीओई, आह. नेक्स्ट मे फिनिश. कॅनॉट रिन्यू. यू टेल युअर ब्रदर, कॅन?"

मी कागद पाहिला. पहिला परवाना मे २०१०ला संपलेला, पुढे पाच वर्षांनी वाढवलेला, मे २०१५पर्यंत. चौदा महिने उरले होते. अण्णा गाडीखाली घाम गाळून जी खोट शोधत होते, ती माझ्या हातात होती.

"कॅन," मी म्हणालो, म्हणजे सांगतो.

आणि खरंच सांगणार होतो. एवढंच नाही, मनातून हरखलो होतो. आता बाहेर येतील, मी म्हणेन, अण्णा, खोट पत्र्यात नाही, इथे आहे, बघा. आणि मग खिशातला माझा कागद.

अण्णा बाहेर आले. डांगरीला ग्रीस, कपाळाला ग्रीस, आणि चेहऱ्यावर जे काही होतं ते मी त्याआधी कधीच पाहिलं नव्हतं. "काही नाही," म्हणाले. "खोट नाहीच. सारंग, तुझी नजर आहे हो. लांबून हीच दाखवलीस मला."

सारंगची नजर. सारंगने पहिल्यांदा लाल दाखवली होती, आतून सडलेली.

"परवाना मात्र पुढच्या मेपर्यंतच दिसतोय," सारंग म्हणाला. त्यालाही तारीख दिसली होती, पाटीवरच लिहिली होती.

"मग काय झालं?" अण्णा म्हणाले. "आपल्याकडे पंधरा वर्षं झाली की पासिंग करून पाच वर्षं मिळतात. ती संपली की परत पासिंग, परत पाच. गाडी चांगली असली की कोण अडवतं? ही तर कुठल्याही पासिंगला डोळे झाकून पास होईल." मग माझ्याकडे वळले. "निशी, कागद बघितलेस ना? बरोबर आहेत?"

दोघेही माझ्याकडे बघत होते. कोहसुद्धा, पण त्याला मराठी कुठलं कळायला.

"बघितले," मी म्हणालो. "कागद बरोबर आहेत."

खोटं नव्हतं ते. कागद बरोबरच होते. अण्णा म्हणाले, "झालं तर मग," आणि सारंगच्या गळ्यात हात टाकून त्याला टेबलाकडे सही करायला घेऊन गेले.

घरी आल्यावर नंदाला मी सगळं सांगितलं. म्हणजे परवान्याचं सांगितलं. ती भाजी निवडत होती, तिचा हात थांबला. "आणि त्यांना सांगितलंस ना?"

"सांगितलं," मी म्हणालो.

"मग तरी घेतली?"

"हौसेला मोल नाही म्हणतात. त्यांना चौदा महिने पुरेसे वाटले."

नंदा माझ्याकडे बघत राहिली. तिला सारंगचं आणि माझं सगळं माहीत आहे, लग्नानंतर आठवड्याभरातच कळलं होतं. "बरं," म्हणाली आणि पुन्हा भाजी निवडायला लागली.

अण्णा महिनाभर राहिले, सारंगकडेच. आमच्याकडे झोपायला स्वतंत्र खोली नाही, हे कारण खरंही होतं. रोज सकाळी ते काँडोच्या पार्किंगमध्ये जीपपाशी असायचे, असं सारंगची बायको अश्लेषा फोनवर कौतुकाने सांगायची. होसपाइप बदलले, बेल्ट बदलले, आणि सारंगला दांडा कधी खाली टाकायचा ते शिकवलं. नातीला, माझ्या मैत्रेयीला, भेटायला दोनदा आले, दोन्ही वेळा एमआरटीने, कारण जीप कामात होती.

मग एका रविवारी दोघे मलेशियाला निघाले. जोहोरच्या पलीकडे पामच्या मळ्यांमधून कच्चे रस्ते आहेत, तिथे जीप चालवायला. मलेशियाला जोडणाऱ्या पुलावर जायचं तर माझ्या इमारतीसमोरूनच जावं लागतं. मी सकाळी गॅलरीत उभा होतो. हिरवी चेरोकी सिग्नलला थांबली. अण्णा पुढच्या सीटवर, हात हलवत काहीतरी सांगत होते. वर कुणी बघितलं नाही. सिग्नल सुटला आणि गेले. मी म्हटलं, जा, मला काय त्याचं. आणि तिथेच उभा राहिलो, नंदाने चहाला हाक मारेपर्यंत.

परतताना मात्र थांबले. नंदाने अण्णांसाठी शेंगोळे केले होते, लिटल इंडियातल्या तीन दुकानांत फिरून हुलग्याचं पीठ मिळवलं होतं तिने. अण्णा कोपरापर्यंत चिखलाने माखलेले आले. हात धुवायच्या आधी मैत्रेयीला खाली पार्किंगमध्ये घेऊन गेले, जीप दाखवायला. मीही गेलो. चाकांच्या वरपर्यंत लाल चिखल, आणि अण्णा तिला सांगत होते, एक चाक पूर्ण चिखलात रुतलं, दांडा खाली टाकला आणि बाई उठली बघ, म्हैस उठते तशी.

"सो कूल, आजोबा. नेक्स्ट टाइम आय फॉलो, कॅन?" मैत्रेयी म्हणाली.

"कॅन कॅन," अण्णा म्हणाले. हे ते कधी शिकले कुणास ठाऊक. मग मला म्हणाले, "निशी, चाळीस वर्षं या गाड्या दुसऱ्यांसाठी दुरुस्त केल्या रे. स्वतः चिखलात घालून बघितली नव्हती एकदाही. आज अर्धा तास मी चालवली. आत मळ्यात, तिथे कोण विचारतंय. पुढच्या जूनमध्ये येतो. चांगला महिनाभर. सारंग पंधरा दिवस रजा काढणार आहे, पार वरपर्यंत जाऊ, जंगलात."

पुढच्या जूनमध्ये ही गाडी नसणार होती. आता सांगावं, म्हटलं. अजून वेळ आहे. विकता येईल, दुसरी बघता येईल. ती २०२०वाली कदाचित अजून असेल. मी म्हणालो, "अण्णा, एक गोष्ट आहे..."

पण ते ऐकत नव्हते. ते सारंगला बोलावत होते, जो फोनवर बोलत मागे उभा होता. "याचा हात बघ किती हलका आहे स्टिअरिंगवर. पोटात पाणी हलत नाही. मी म्हणतो, हात जन्मतःच असावे लागतात माणसाला. शिकवून येत नाही ते." आणि माझ्याकडे बघून, अगदी सहज, "काय म्हणत होतास?"

"जेवायला चला म्हणत होतो. शेंगोळे निवतील."

त्यांनी तीनदा वाढून घेतले. नंदाचं फार कौतुक केलं.

पुढचं वर्षभर मी त्या तारखेची वाट बघत होतो. दुसऱ्याचं वाईट व्हावं म्हणून कुणी इतक्या निष्ठेने वाट बघत नसेल. वाईट वाटायचं का? वाटायचं, पण कधी? अण्णा फोनवर मला विचारायचे तेव्हा. दर रविवारी ते मला फोन करायला लागले होते, याआधी कधी करत नव्हते, आणि विचारायचे काय, तर "सारंगच्या जीपचं काय म्हणतो? त्याला विचारलं की नुसतं छान म्हणतो, तू नीट बघून सांग, ऑइल गळतंय का." मग मी मरीन परेडला जाऊन बघून यायचो आणि सांगायचो. गळत नव्हतं. अण्णांनी गुडघ्यांसाठी रोज तळ्यापर्यंत चालायला सुरुवात केली होती. जूनचं तिकीट मार्चमध्येच काढून झालं.

एप्रिलमध्ये सारंगला सरकारी पत्र आलं. परवाना एकोणीस मेला संपतोय, त्याआधी गाडी मोडीत काढावी किंवा देशाबाहेर न्यावी. सारंगला वाटलं, नेहमीचं पत्र असेल. पैसे घेऊन परवाना वाढवायला गेला, तर काउंटरवरच्या बाईने संगणकाचा पडदा त्याच्याकडे वळवून दाखवलं, आता वाढत नाही. त्याने मग काय काय खटपटी केल्या. नगरला पाठवू म्हणाला, तर भारतात इतकी जुनी गाडी येऊ देत नाहीत. मलेशियात विकू, तर तिथेही नाही. शेवटी मेच्या मधल्या आठवड्यात तो एकटाच ती मोडीच्या आवारात घेऊन गेला. मला विचारलं होतं, दादा येतोस का. मी म्हणालो, ऑफिस आहे.

त्या रविवारी दुपारी आम्ही सगळे सारंगकडे जमलो, अण्णांना स्काइपवर सांगायला. फोनवर सांगण्याची त्याची छाती नव्हती. लॅपटॉप जेवणाच्या टेबलावर ठेवलेला, समोर सारंग आणि मी, मागे नंदा आणि अश्लेषा. सारंगने सगळं सांगितलं. पडद्यावर त्यांचा चेहरा अर्धाच दिसत होता, कॅमेरा नीट धरता येत नाही त्यांना.

"म्हणजे चालू गाडी मोडली?" शेवटी म्हणाले.

"हो."

"इंजिन काढून ठेवलं का कुणी?"

"माहीत नाही, अण्णा. ते दाबून टाकतात म्हणाले."

मग म्हणाले, "तिकीट रद्द करून टाक. आता कशाला यायचं. गुडघेही साले बरे नाहीत."

इथे सारंग माझ्याकडे वळला. त्याचे डोळे लाल झाले होते. "दादा, एक विचारू? काल मी त्या कोहला फोन केला होता. भांडायलाच केला होता, की तू आम्हाला सांगितलं का नाहीस. तो म्हणतो, मी सांगितलं होतं. तुझ्या भावाला सांगितलं होतं, आणि तो कॅन म्हणाला."

माझ्या मागे खुर्ची सरकल्याचा आवाज झाला. नंदा. मी तिला काय सांगितलं होतं ते तिला शब्द न शब्द आठवत असणार. मी मागे पाहिलं नाही. तोंड उघडलं. सांगणारच होतो, असं आता म्हणतो. खरं मला माहीत नाही.

पण अण्णाच बोलले, आणि असे बोलले की लॅपटॉपचा आवाज फाटला. "सारंग, तोंड सांभाळ. कुणाला विचारतोयस तू हे?"

"अण्णा, मी फक्त..."

"तो विकणारा माणूस आहे. माल खपवल्यावर तो हेच म्हणणार. तू त्याचं ऐकून थोरल्या भावाला असं विचारतोस? तुला माहीत आहे का हा कसा आहे? दहा वर्षांचा होता तेव्हापासून माझ्या शेडवर उभा राहिलाय. एखादा बोल्ट कसायचा विसरला की रात्रभर झोपायचा नाही. सकाळी उठून सांगायचा मला, अण्णा, माझ्याकडून राहिला. मार बसणार हे माहीत असायचं त्याला. तरी सांगायचा. एकदाही लपवलं नाही पोराने. त्या बोल्टांवर माणसांचे जीव होते, आणि मी याच्या भरवशावर गाड्या सोडायचो. तुला कधी हात लावू दिला नाही मी, का ते आता तरी कळतंय का?"

मला मार आठवत होता. सांगितलेलं आठवत नव्हतं. आता ते म्हणाले तसं आठवलं, पहाटेचं स्वयंपाकघर, त्यांच्या हातात चहाचा पेला, आणि मी दारात.

"कागद निशीने बघितले म्हणून मी बघितले नाहीत," अण्णा म्हणाले. त्यांचा आवाज आता खाली आला होता. "त्यालाही नसेल माहीत. माहीत असतं तर तो गप्प बसला असता का? माफी माग त्याची."

सारंगने मान खाली घातली. तो लहानपणी रडायच्या आधी जसा ओठ चावायचा तसाच चावत होता. मागे नंदा उभी होती, तिचा श्वास मला ऐकू येत होता.

"सॉरी, दादा," सारंग म्हणाला.

अण्णा पडद्यावरून माझ्याकडे बघत होते. त्यांनी कॅमेरा नीट धरला होता, पूर्ण चेहरा दिसत होता.

"असू दे," मी म्हणालो.